न विचारता काढलेलं मत

“आठ दिवसांत रयतेचं मत काढून आण! पण खबरदार! कुणाला एका शब्दानं विचारलंस, तर खानावळीला टाळं आणि तू वेशीबाहेर!”

हैबतराजांचा हा हुकूम ऐकून साळूबाई हातातला पदर चावत उभीच राहिली. न विचारता मत काढायचं? म्हणजे न दळता पीठ!

झालं होतं असं. पेठेत साळूबाईची खानावळ होती. जेवणारे एका हातानं भाकरी मोडत आणि दुसऱ्या हातानं चिलीम ओढत. वाढणारी तिची लेक येसू त्या धुरानं दिवसभर खोकत असे. शेवटी वैद्यानं नाडी पाहून सांगितलं, “बाई, लेक हवी की गिऱ्हाईक, ते ठरवा.” साळूबाईनं त्याच संध्याकाळी दारात उभं राहून सांगितलं, “आजपासून आत चिलीम बंद!”

ते लागलं कोतवाल यमाजीरावांना. चिलमीशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. ते तडक दरबारात गेले. “महाराज, रयतेला धूर हवाय! मी शंभर माणसांना विचारलं. शंभरच्या शंभर ‘हवा’ म्हणाले!”

विचारताना हातात सोटा होता, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

साळूबाईही काही कमी नव्हती. तिनं त्याच शंभरांना विचारलं. शंभरच्या शंभर ‘नको’ म्हणाले! विचारताना तिच्या हातात तुपाची वाटी होती.

राजांनी कपाळावर हात मारला. “आमची रयत मोठी गुणाची! विचारणारा बदलला की मत बदलतं. तेव्हा आता विचारायचंच नाही!” आणि तो हुकूम सुटला. राजे स्वतः हुक्क्याचे शौकीन, त्यामुळे निकाल काय लागणार हे कोतवालांना ठाऊकच होतं. ते मिशीला पीळ देत घरी गेले.

साळूबाई रात्रभर कुढली. सकाळी मात्र उठली आणि खानावळीच्या मधोमध कुडाची भिंत घातली. उजव्या दारानं जाईल त्यानं खुशाल चिलीम ओढावी. डावीकडे धूर नाही. आमटी तीच, भाकरी तीच. उजवीकडे पळसाच्या पत्रावळी, डावीकडे वडाच्या. चारशे-चारशे मांडल्या, आणि ती गप्प बसली.

पहिल्या दिवशी कोतवालांनी आपले शिपाई मुद्दाम उजवीकडे धाडले. दोन दिवस बिचारे डोळे पुसत जेवले. तिसऱ्या दिवशी एकेक जण बाहेरच्या कट्ट्यावर चिलीम झाडून हळूच डाव्या दारानं आत शिरू लागला. “आज उजवीकडे गर्दी फार हो!” असं सांगून. उजवीकडे तेव्हा मांजर झोपलं होतं.

नवव्या दिवशी साळूबाई दरबारात आली ती पत्रावळींचा गठ्ठा घेऊनच. “सरकार, या पळसाच्या. चारशेतल्या तीनशे सत्तर शिल्लक. वडाच्या संपल्या, पाचव्या दिवशी आणखी मागवल्या. मी कुणाला विचारलं नाही आणि कुणी मला सांगितलं नाही.”

कोतवाल उसळले. “पाचोळ्यावर न्याय करायचा? आणि रयतेचं मत घेऊन करायचंय काय? मत असावं तर महाराजांचं!”

राजांना हे भारी आवडलं. “बरोबर! बाई, या गठ्ठ्यात आमचं मत कुठाय? तेही काढ. आत्ता, इथं, न विचारता! नाहीतर टाळं!”

येसू मागे जेवणाची पाटी घेऊन उभी होती. ती रडकुंडीला आली. साळूबाईनं मात्र मान लववली. “जशी आज्ञा. पण सरकार, दुपार झाली. उपाशीपोटी न्याय करू नये. मी भाकरी आणलीय. भरलं वांगं, कढी, लसणाची चटणी…”

वांग्याचा वास दरबारभर गेला. न्याय थोडा थांबला.

तिनं पंगत मांडली. राजांचं पान मधोमध, आणि अगदी मांडीला मांडी लावून कोतवालांचं. “कोतवालसाहेब, तुमची चिलीम चालू द्या बरं! तुमच्या मानाला मी कशी नाही म्हणू?”

कोतवाल खूश! त्यांनी असा झुरका मारला की धुराचा लोट सरळ राजांच्या कढीवर. राजांनी डोळे पुसले. दुसरा झुरका. राजे खोकले. “यमाजी, तोंड तिकडे करा!” कोतवालांनी तोंड तिकडे केलं, पण वारा इकडचाच होता. तिसऱ्या झुरक्याला वांग्याला तंबाखूची चव आली.

“हात् तुमच्या!” राजे ताडकन उठले. एका हातात पत्रावळ, दुसऱ्या हातात भाकरी, आणि थेट दरबाराच्या पलीकडल्या खांबापाशी जाऊन बसले!

भरल्या पंगतीतून उठणं! आपल्याकडे शत्रूच्या घरीसुद्धा कुणी असं करत नाही.

साळूबाईनं हात जोडले. “मिळालं, सरकार!”

“काय मिळालं?”

“आपलं मत. मी विचारलं नाही, आपण सांगितलं नाहीत.”

राजे गुरगुरले, “पण मी रोज हुक्का ओढतो, त्याचं काय?”

“ओढा की, सरकार! आपला धूर आपल्याला गोडच लागतो. पंगतीतून उठवतो तो दुसऱ्याचा!”

राजे असे खदखदून हसले की कढी नाकात गेली! हसता हसता त्यांनी दंडातलं सोन्याचं कडं काढून साळूबाईच्या हातावर ठेवलं, येसूला साडीचोळी दिली, आणि राज्यातल्या यच्चयावत खानावळींत धूरबंदीचा हुकूम तिथल्या तिथं लिहवून घेतला.

“कुणाची हरकत?” राजांनी विचारलं.

सगळ्यांत आधी मान हलली ती यमाजीरावांची. त्यांचं मत म्हणे पहिल्यापासून हेच होतं!