अर्धी पोथी

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात एक पोथी होती, आणि सारे गाव तिला भीत असे.

कोणाच्या घरी मृत्यू झाला, की नदीकाठच्या देवळात राहणारे वृद्ध पोथीवाले बुवा ती तांबड्या फडक्यात बांधून त्या घरी नेत आणि दहा दिवस रोज वाचत. मृताचा जीव कोणत्या वाटेने जातो, वाटेत त्याला काय काय भोगावे लागते, हे त्या पोथीत सविस्तर सांगितले होते. दहाव्या दिवशी पानांत घातलेल्या काळ्या दोऱ्याची खूण आली, की बुवा वाचन थांबवीत, फडक्याला गाठ मारीत आणि मागे न पाहता निघून जात. त्यानंतर पोथीने त्या घरात राहावयाचे नाही, आणि ज्या घरात मृत्यू नाही त्या घराचा उंबरा तिने ओलांडावयाचा नाही, अशी रीत होती.

बुवा काखेत गाठोडे घेऊन निघाले, की आया आपली मुले घरात ओढून घेत. एखादा वात्रट गडी ओट्यावरून ओरडे, “बुवा, पलीकडच्या आळीने जा! आमची म्हातारी अजून दोन्ही वेळा जेवते आहे!” बुवा खाली मान घालून पलीकडच्या आळीने जात. कोणालाही दोष द्यावयाचा असला, म्हणजे पोथी बरी असते. ती उलट बोलत नाही.

त्याच गावात एक सुईण होती. अर्ध्याहून अधिक गाव तिच्या हातांवर जन्मले होते. तिची एकुलती एक मुलगी येसू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. आईसारखी सुईण घरात असताना काळजी कसली, असे सर्वांना वाटले. परंतु बाळ आडवे होते. सुईणीने आपले सारे कसब पणाला लावले. तरीही बाळ गेले आणि बाळामागोमाग येसूही गेली.

सुईणीने हात धुतले, नाळ कापण्याची विळी चिंधीत गुंडाळून आढ्यावर खोचली आणि एवढेच म्हटले, “या हातांनी आता कोणाला धरायचे नाही.”

बुवा पोथी घेऊन आले. सुईण खांबाला टेकून ऐकत बसे. ती रडत नसे आणि बोलतही नसे. दहाव्या दिवशी काळा दोरा आला. बुवांनी पाने जुळविली आणि फडके ओढले, तेव्हा ती प्रथमच बोलली.

“पुढे काय आहे, बुवा?”

“पुढचे वाचत नाहीत, बाई.”

“पाने तर पुष्कळ उरली आहेत.”

“उरली आहेत खरी. पण गेलेल्या जिवाची वाट इथे संपते.”

“मग उरलेल्या पानांत काय लिहिले आहे?”

बुवांनी ओढलेले फडके पुन्हा सैल केले. मग ते म्हणाले, “मला ठाऊक नाही. वडिलांनी मला दोऱ्यापर्यंतच शिकवले. त्यांनाही त्यांच्या वडिलांनी दोऱ्यापर्यंतच शिकवले होते.”

सुईणीने पाने पाहिली. दोऱ्याअलीकडची पाने हळदीच्या, तेलाच्या, ओल्या बोटांच्या डागांनी काळवंडली होती. दोऱ्यापलीकडची पाने लिहिली गेली त्या दिवसाइतकीच स्वच्छ होती.

“बुवा,” ती म्हणाली, “माझी येसू कुठे गेली ते तुम्ही सांगितलेत. आता मी कुठे जाऊ, ते कोण सांगणार? पोथी इथेच राहू द्या.”

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई अंगणाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते.

“आक्का, ते गाठोडे आधी घराबाहेर काढा. उद्या आमच्या सुनेजवळ बसायचे आहे तुम्हाला.”

“मी कोणाजवळ बसायची नाही आता, पाटलीणबाई.”

“आज म्हणता तसे. चार दिवसांनी मन थाऱ्यावर येईल. पण ती पोथी घरात ठेवलीत, तर तुमची सावलीसुद्धा कोणी बाळंतिणीवर पडू द्यायचे नाही. सांगून ठेवते.”

हातांचे काम सुईणीने स्वतः टाकले होते. आता ते परत मिळण्याची वाटही बंद होणार होती. तरीही ती म्हणाली, “राहू द्या. मला पुढचे ऐकायचे आहे.”

त्या दिवसापासून तिच्या दारावरून कोणी जाईनासे झाले. फक्त बुवा येत. त्यांनी काळा दोरा ओलांडला आणि पहिले स्वच्छ पान उचलले. त्यावर लिहिले होते: ‘गेलेल्याचे सांगून झाले. ऐकणाऱ्या, आता तुझे.’

सुईणीला त्या शब्दांनी धीर आला नाही. उलट राग आला. “ज्याचे काही गेले नाही, त्याला असे लिहायला काय जाते?” ती म्हणाली.

बुवांनी पुढचे पान वाचले. ‘मी माझ्या मुलाची चिता पेटवून आलो आहे आणि लिहावयास बसलो आहे, कारण हातांना दुसरे काही सुचत नाही.’

सुईणीने मान वर केली. बुवांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. इतकी वर्षे काखेत वाहिलेल्या गाठोड्यात एक रडणारा बाप होता, हे त्यांना त्या दिवशी कळले.

त्या पानांत कोणतेही आश्वासन नव्हते. येसू का गेली, याचे उत्तरही नव्हते. एका जागी मात्र लिहिले होते: ‘दुःखाला घरातून हाकलू नकोस, ते जाणार नाही. त्याला कोपऱ्यात बसू दे. पण चूल त्याच्या हाती देऊ नकोस.’ आणखी पुढे होते: ‘ज्या हातांना राखता आले नाही, ते हात तू टाकून दिलेस, तर गेलेल्याला काय मिळाले?’

हे पान ती पुन्हा पुन्हा वाचून घेई. कधी बुवांशी वाद घाली, कधी मध्येच उठून परसात जाई आणि डोळे पुसून परत येई. एके सकाळी बुवा आले, तेव्हा ती आढ्यावरची विळी काढून राखेने घासत बसली होती. चेहऱ्यावर आनंद नव्हता. बुवा पोथी उघडून बसले.

पुढे एके दिवशी पहाटे पाटलांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. पाटलीणबाईंनी घाटापलीकडच्या सुईणीला बोलावणे धाडले होते, पण ती वेळेवर पोचेना. वेदनांचा आवाज आळीभर ऐकू येऊ लागला. न बोलावता सुईण विळी घेऊन पाटलांच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

“पाऊल पुढे टाकू नका, आक्का!” पाटलीणबाई दारातून ओरडल्या. “त्या घरातून आलात तुम्ही!”

“त्याच घरातून आले. आणि आत घेईपर्यंत इथून हलणार नाही.”

ऊन डोक्यावर आले. घाटापलीकडून कोणी आले नाही. आतला आवाज क्षीण होत गेला. तेव्हा कुठे दार उघडले.

सुईणीचे हात जुन्या सवयीने कामाला लागले. सून वाचली. बाळ मात्र गळ्याभोवती नाळेचा वेढा घेऊन निळे पडलेले आले. सुईणीने त्याला पालथे धरले, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. ते रडले नाही.

संध्याकाळी पाटलीणबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. “आक्का,” त्यांनी हळूच विचारले, “सकाळीच आत घेतले असते तर?”

सुईणीला बोलण्यासारखे पुष्कळ होते. ती म्हणाली, “तसे मला सांगता यायचे नाही, बाई. मीही माझ्या घरी हेच विचारत बसले होते. दोऱ्यापलीकडची पाने ऐकली, तेव्हा उठले.”

तान्ह्या बाळासाठी पोथी लावण्याची रीत त्या गावात नव्हती. जन्मलेच नाही असे मानावयाचे आणि घराने कामाला लागावयाचे. सून भिंतीकडे तोंड करून पडून राही. ती अन्नाला शिवत नसे आणि हाकेला ओ देत नसे. तिचा जीव वाचला होता, पण ती काही जगत नव्हती.

अखेर पाटलीणबाई स्वतः सुईणीच्या दारी आल्या आणि तिचा उंबरा ओलांडून आत येऊन उभ्या राहिल्या.

“ती पोथी आमच्याकडे आणाल का?” त्या म्हणाल्या. “अलीकडची नको. पलीकडची.”

भर दिवसा, साऱ्या आळीच्या देखत, बुवा काखेत गाठोडे घेऊन पाटलांकडे निघाले. या वेळी ओट्यावरून कोणी काही बोलले नाही. सुईण त्यांच्या मागोमाग होती. बुवांनी काळ्या दोऱ्यापासून पुढे वाचण्यास आरंभ केला. ‘गेलेल्याचे सांगून झाले. ऐकणाऱ्या, आता तुझे.’ सुनेने तोंड वळविले नाही. सुईण तिच्या पायांशी बसून तळव्यांना तेल चोळत राहिली.

दिवेलागणीची वेळ झाली. बुवांनी पाने जुळविली आणि फडके गुंडाळून ते गाठ मारू लागले.

“पुढे काय आहे?” भिंतीकडून क्षीण आवाज आला.

पाटलीणबाईंनी पदर तोंडाशी धरला. सुईणीचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. बुवांनी गाठ सोडली.

तात्पर्य: भयापाशी मिटलेला ग्रंथ भयच शिकवितो. पुढची पाने उघडली, तर दुःख नाहीसे होत नाही. परंतु ते सोबत घेऊन कोणाच्या दारी जावयाचे, हे मात्र उमजते.