आधी कुणाचं ताट

“किती वेळ परतायचं ते मिनिटांत सांगा, चाची.”

मैमूनाचाचीने वर पाहिलंच नाही. पाट्यावर भिजवलेल्या लाल मिरच्या होत्या आणि वरवंटा मागेपुढे जात होता.

“होईपर्यंत,” ती म्हणाली.

जनार्दनची पेन्सिल वहीवर तशीच अडून राहिली. आता ‘होईपर्यंत’ वहीत कसं लिहायचं?

जनार्दन खवळे म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. पुण्याच्या मोठ्या हॉटेलातला मुख्य आचारी. हाताखाली अठरा माणसं. लग्नसराईत हजार पानांचा स्वयंपाक सहज उठवणारा. असा माणूस गेले अकरा दिवस एका चटणीपुढे हरत होता आणि ते कुणी बोलून दाखवलेलं त्याला खपत नव्हतं.

चटणी आपली म्हणायची सोयीसाठी. मलायात तिला सांबाल म्हणतात. सुक्या मिरच्या, बारके कांदे, लसूण आणि कोळंबीची खारवून मुरवलेली वडी, सगळं एकत्र वाटायचं, तेलात परतायचं आणि भातासोबत खायचं. मैमूनाचाची मूळची पिनांगची. पंचावन्न वर्षांपूर्वी हसनमियां खलाशाने तिला लग्न करून या खाडीकाठच्या गावात आणलं. हसनमियांच्याच बोटीवर जनार्दनचे वडील, भिकाजीअण्णा, होते. पिनांगच्या बंदरात जिभेला लागलेली चव अण्णांनी पुढे जन्मभर चाचीच्याच बरणीतून खाल्ली.

आणि आता अण्णा जेवत नव्हते.

चार महिन्यांपूर्वी जनार्दनची आई गेली. तेव्हापासून अण्णांचं जेवण निम्म्यावर आलं, मग पावपट, मग दोन घास. हात चालतो, दात शाबूत, गिळायला त्रास नाही. फक्त ताट पुढे सरकवतात. जनार्दन रजा टाकून आला तेव्हा एकदाच तोंड उघडून म्हणाले होते, “सांबाल कर.”

त्याने केलं. अकरा दिवसांत सात वेळा केलं. चाचीकडून दोनदा कृती लिहून नेली. सातही वेळा ताट सरकलं.

“सोमवारी डॉक्टर नाकातून नळी घालणार आहेत,” जनार्दन म्हणाला. “आज शनिवार. मला नेमकं माप पाहिजे, चाची. मिरच्या किती ग्रॅम, तेल किती…”

“ती वडी दे इकडे.”

केळीच्या पानात गुंडाळलेली वडी त्याने उचलून दिली. मलायात तिला बेलाचान म्हणतात. चाची इथल्याच खाडीतल्या जवळ्याची करते. खारवायचा, वाळवायचा, कुटायचा, पुन्हा वाळवायचा.

चाचीने ती पानासकट तव्यावर टाकली. पान करपलं आणि असा काही वास उठला की पलीकडच्या परड्यातून शिंक आली. मग दुसरी.

“चाची, सांबाल काय गो आज?” कुंपणापलीकडून सुलभाकाकूंनी विचारलंच. न विचारतील तर दुपारचा चहा गोड लागायचा नाही. “कुणासाठी?”

“भिकाजीसाठी.”

“खाल्लंन म्हणजे मिळवली!”

जनार्दनचा चेहरा उतरला. त्याने पेन्सिल कानावर खोचली, परत काढली, परत खोचली.

“माझ्यात काय कमी पडतंय ते सांगा,” तो हळूच म्हणाला.

“वही कसली ती?”

“यात सगळं लिहितो. कृती एका बाजूला. दुसऱ्या बाजूला अण्णांचं. हे बघा.” त्याने पान उलटून दाखवलं. “मंगळवार, दोन घास. बुधवार, एक. गुरुवार, तीन, पण तिसरा अर्धा टाकला. मी समोर उभा राहतो. एकेक घास बघतो. प्रत्येक घासाला विचारतो, मीठ कसं, तिखट कसं. हयगय नाही करत चाची, कुणी तसं म्हणायला नको.”

“कोण म्हणतं तसं?”

चाचीने भाजलेली वडी मिरची-कांद्याबरोबर वाटली आणि वाटण कढईत सोडलं. चर्रर्र झालं. चूल तिने आधीच मंद केली होती. लाकूड मागे ओढून नुसत्या निखाऱ्यांवर कढई ठेवली होती.

“हलव,” ती म्हणाली. “एवढंच कर.”

जनार्दन बसला आणि हलवू लागला.

आता बसला म्हणायचं, पण गुडघा सारखा हलत होता. तीन वेळा उलथनं फिरवायचं आणि एकदा घड्याळ बघायचं. थोडा वेळ गेला की लाकूड हळूच पुढे ढकलायचं. चाची ते मागे ओढायची. त्याने पुन्हा ढकललं, तिने पुन्हा ओढलं.

मग त्याने खिशातून चमचा काढला. स्टीलचा, स्वतःचा. हॉटेलातला माणूस, चमचा खिशातच असायचा. टोकावर सांबाल घेऊन त्याने जिभेला लावलं.

“मीठ कमी.”

चिमूट टाकली. दोन मिनिटांनी पुन्हा चाखलं.

“अजून कमी.”

पुन्हा चिमूट उचलली. पुन्हा चाखलं. कपाळावर घाम आला, नाक वाहू लागलं, तरी चाखणं चालूच. पाचव्यांदा चमचा तोंडातून बाहेर आला तेव्हा चाचीने गुळाचा खडा त्याच्यासमोर धरला.

“हा खा.”

“आत्ता? कशाला?”

“खा रे.”

त्याने खडा तोंडात टाकला. चघळला. एकदा इकडच्या गालात घेतला, एकदा तिकडच्या.

“कसा आहे?”

जनार्दन थांबला… पुन्हा चघळला.

“गोडच लागत नाही.”

चाचीने त्याच्या हातातला चमचा घेतला आणि शेजारच्या पाण्याच्या बादलीत टाकला. टुण्णकन तळाशी गेला.

मग जनार्दन बोटांवर मोजू लागला.

“म्हणजे सातही वेळा मी खारटच…”

“असेल.”

“तुम्ही चाखतच नाही?”

“नाही.”

“मग झालं हे कळतं कसं?”

“आवाज ऐक.”

त्याने ऐकलं. कढईत नुसतं तडतडत होतं. कांद्यातलं पाणी, मिरचीतलं पाणी, सगळं एकमेकांवर आरडाओरडा करत होतं. असा आवाज त्याने उभ्या जन्मात लाखदा ऐकला असेल. यात ऐकायचं काय?

“हे असंच किती वेळ?”

चिंचेचा कोळ आणि गूळ चाचीने कढईत घातला आणि पदराने हात पुसले.

“तुझी आई जेवायला कुठं बसायची?” तिने विचारलं.

“आई? अण्णांच्या समोर.”

“काय करायची?”

“काय करणार? जेवायची.” जनार्दनला राग आला. “पूर्ण वेळ कसली तरी बडबड. गावात कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसली. अण्णा हूं हूं करायचे. चाची, आपण सांबालाचं बोलत होतो.”

“होय ना. हलव.”

“आईला तर हे नीट करताही यायचं नाही. तुमचीच बरणी यायची.”

“यायची खरी.”

“मग?”

“तळ सोडून हलवू नको. लागेल.”

त्याने ओठ आवळले आणि हलवत राहिला. पोटात कावळे ओरडत होते. सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. चाचीच्या नजरेतून ते सुटलं नसावं.

“शेवटचा बसून कधी जेवलास, जनू?”

तो हसला. “आमच्या धंद्यात बसून कोण जेवतं, चाची? उभ्यानेच, एक हात कामावर ठेवून. पंचवीस वर्षं झाली. सवयच मोडली.”

“आणि इथं? घरी?”

“इथं आधी अण्णांचं बघतो. मग भांडी. मग काय असेल ते ओट्यापाशी…”

तो बोलता बोलता थांबला. कढईतला आवाज बदलला होता.

तडतड बसली होती. आता नुसतं संथ फुसफुसणं होतं, झोपेत कुणी श्वास घ्यावा तसं. कडेकडेने लाल तेल वर आलं होतं. मसाला काळपट तांबूस होऊन मधे गोळा झाला होता. इतका वेळ डोळ्यांत जाणारा ठसका कुठे गेला कोण जाणे. वास चक्क गोड येत होता.

“झालं,” जनार्दन म्हणाला. आणि आपण हे न चाखता म्हणालो, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

चाचीने कढई उतरवली. जर्मनच्या पातेल्यातून उकडा भात ताटात वाढला, कडेला चमचाभर सांबाल, काकडीच्या चार फोडी.

“बस. पाटावर.”

“मला नको, आधी बरणी भरून द्या, खाडीपार जायची होडी सुटेल…”

“होडी पाचची आहे. बस.”

जनार्दन बसला. गरम भाताला थोडंसं सांबाल लावलं आणि पहिला घास घेतला.

काय सांगायचं! मघाशी जिभेला आग लावणारी तीच चीज भातात शिरून शहाणी झाली होती. आधी आंबट, मग गोडसर, मग कुठूनतरी खोलवरून समुद्राचा खारेपणा, आणि सगळ्यात शेवटी तिखट. मीठसुद्धा बेताचं, त्याने टाकलेल्या चिमटी भाताने पोटात घेतल्या होत्या. दुसरा घास त्याने मोठा घेतला.

“कसं लागलं?”

त्याने वर पाहिलं. चाची उभी होती. बरोबर समोर. एका हातात त्याची वही, दुसऱ्या हातात पेन्सिल. चाचीला लिहिता येत नव्हतं, ते गावाला ठाऊक होतं. तिने वहीत एक उभी रेघ ओढली. मग दुसरी.

“छान,” तो म्हणाला.

“मीठ?”

“बरोबर.”

“तिखट?”

“बरोबर आहे, चाची.”

“घे मग.”

त्याने तिसरा घास घेतला. चाचीची नजर त्याच्या तोंडावरून हलेना. हनुवटी वर गेली की तिची नजर वर, खाली आली की खाली.

“गिळलास?”

“हो.”

तिसरी रेघ.

“आणखी एक घे. मोठा घे. कालपेक्षा कमी आहे.”

“काल मी कुठे…”

“सोमवार आलाय, ठाऊक आहे ना?”

चौथा घास त्याच्या हातातच राहिला. भाताची शितं बोटांना चिकटली होती. भूक होती. सांबाल उत्तम होतं. समोर म्हातारी पेन्सिल रोखून उभी होती… आणि घास तोंडापाशी जाऊन परत आला. डाव्या हाताने त्याने ताट पुढे सरकवलं. वीतभरच.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर ताटाची कड खसकन वाजली.

हा आवाज जनार्दन अकरा दिवस ऐकत होता.

त्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. हात ताटावर तसाच होता, तळवा बाहेर, बोटं किंचित वाकलेली. अगदी अण्णांचा हात.

पलीकडे सुलभाकाकू पुन्हा शिंकल्या.

चाची वाकली. कढई अजून गरम होती; तिच्याखाली काहीतरी हवं म्हणून तिने वही जमिनीवर पालथी ठेवली आणि तिच्यावर कढई टेकवली. कागद करपल्याचा वास आला. जनार्दनचा हात वहीकडे निघाला आणि अर्ध्यावरून परत आला.

मग चाची कुरकुरत्या गुडघ्यांनी त्याच्यासमोर बसली, दुसरं ताट ओढलं, स्वतःला भात वाढून घेतला आणि त्याच्याकडे न बघता जेवू लागली.

“सुलभाची सून रुसून माहेरी गेली म्हणतात,” ती घास कालवत म्हणाली.

“का?” जनार्दनने विचारलं.

“मिक्सरवरून.”

“मिक्सरवरून?”

“आवाज फार करतो म्हणे. सासूला पलीकडचं काही ऐकू येत नाही.”

जनार्दनला हसू फुटलं. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, सांबालाने असेल. ताट केव्हा जवळ ओढलं, काकडीची फोड केव्हा संपली, त्याला कळलं नाही. शेवटी बोट ताटाला घासलं तेव्हा तो दचकला. ताट रिकामं होतं. गुडघा हलायचा थांबला होता.

चाचीने बरणी भरली, वरून तेलाचा थर सोडला, तोंडाला फडकं बांधलं. त्याने ती दोन्ही हातांत घेतली, चटके देत होती तरी. दाराशी गेला. चपलेत पाय घातला. तिथून परत वळला. सवय कुठे इतक्या लवकर जाते!

“चाची, एवढं शेवटचं सांगा. अण्णांना किती वाढू? एक चमचा… की अर्धाच?”

मैमूनाचाची पाटा धूत होती. मिरचीचं लाल पाणी परड्याकडे वाहत गेलं.

“आधी तुझं वाढ,” ती म्हणाली.