राघूच्या श्वासातला धूर

उंबरठाणे गावी ओढ्यापलीकडे एक जुनाट करंज होता. त्या करंजाखाली निवांत महाराजांचा मुक्काम असे. मंडळी, महाराजांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. रडत आलेल्या माणसाला ते आधी "निवांत बस" म्हणत, म्हणून लोकांनी तेच नाव ठेवून दिलं.

त्याच गावात सगुणा गुरवीण राही. देवळासाठी पळसाच्या पत्रावळी लावायच्या आणि पोट भरायचं, एवढाच तिचा संसार. नवरा आधीच गेला होता, आणि एकुलती एक लेक चिमा तापाने गेली. मागे उरला तो चिमाने पाळलेला राघू. खेळून घरी आली की चिमा बाहेरून हाक मारी, "आई, दार उघड गं." राघूने ती हाक लाडातल्या हेलासकट उचलली होती. दिवेलागणीला तो बोले आणि सगुणा हातातली पत्रावळ टाकून खरोखर दार उघडे. बाहेर कोणी नसे, तरी तिचा जीव थाऱ्यावर येई. लेकीचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच राहिलं होतं.

शेजारणींच्या अंगावर मात्र काटा उभा राही. मेलेल्या पोरीचा आवाज रोज तिन्हीसांजेला ऐकायचा म्हणजे काय थट्टा आहे? त्यांनी म्हादबा पंचाक्षरीला बोलावलं. म्हादबा गावची भुतं उतरवी आणि त्याचा तोरा भुतांपेक्षाही भारी होता.

"पाखरू कसलं ह्ये? पोर अडकलीया ह्यात," तो म्हणाला. "आवसंला मिरच्यांची धुरी घातली की सुटंल."

"महाराजांना इचारते आधी," सगुणा म्हणाली.

"त्यास्नी काय इचारतीस? करंजाखाली माश्या मारत बसल्यात. निवांत बसून भूत जातंय व्हय?"

बायका फिदीफिदी हसल्या. सगुणाला ते लागलं, पण त्याहून 'पोर अडकलीया' हे शब्द तिच्या काळजात रुतले. कुठली आई लेकीला अडकवून ठेवील? तिने होकाराची मान हलवली.

अवसेच्या दुपारी म्हादबाने दारंखिडक्या लावून घेतल्या. पिंजऱ्याखाली निखाऱ्यांचं खापर ठेवलं आणि वर मिरच्या, मोहरी टाकली. घर धुराने कोंडलं. राघू किंचाळला, तारांवर आपटला आणि गप्प झाला. सगुणाने खोकत खोकत पिंजऱ्यात पाहिलं. तो तळाशी पडला होता, पिसं फुगलेली, चोच उघडी. प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली होत होती.

"सुटली पोर," म्हादबा म्हणाला.

सगुणाला तेव्हा कळलं. चिमा दुसऱ्यांदा चालली होती, आणि या वेळी आईनेच हो म्हटलं होतं. तिने राघूला पदरात घेतलं आणि ओढ्याकडे धाव घेतली. मागून म्हादबा आला, त्याच्यामागे बायका.

करंजाखाली महाराज गुडघ्यांत डोकं घालून खोकत होते. डोळे लालबुंद झाले होते. जवळ धुनी नव्हती की चूल नव्हती, तरी तिथल्या मोकळ्या हवेत मिरचीचा ठसका लागत होता. सगुणाने तोंड उघडण्याआधीच महाराज म्हणाले, "दारं कशाला लावलीत गं माय? जीव कोंडला आमचा."

सगुणाने पदर उघडून राघू पुढे धरला. म्हादबाने घाईने तांब्या पुढे केला. "चोचीत पानी सोडा."

"नको," महाराज म्हणाले. "श्वास लागलाय त्याला, पाण्याने गुदमरेल."

त्यांनी राघूला उपरण्यात छातीशी धरलं, चोच वाऱ्याकडे ठेवली आणि डोळे मिटले. दोघांचे श्वास एकाच लयीत चालू लागले. मग महाराजांना मोठी उबळ आली, आणि त्यांच्या तोंडातून काळपट धूर बाहेर पडला. येतच राहिला. सगळ्यांच्या डोळ्यांना धार लागली, आणि करंजावरची पाखरं एकाएकी चिडीचूप झाली.

धूर विरला तशी राघूची शेपटी थांबली. त्याने डोळा उघडला, मान वळवून म्हादबाकडे पाहिलं आणि बोलला. तो आवाज चिमाचा नव्हता. म्हातारा, घोगरा, बोळक्या तोंडाचा होता.

"म्हादू, पोटात काय गेलंय का रं लेकरा?"

म्हादबा पांढराफटक पडला. हा त्याच्या आईचा आवाज होता, आणि ती तर हा राघू जन्मायच्या कितीतरी आधी वारली होती. तो परगावी कोणाचं तरी भूत उतरवत असताना, त्याच्या वाटेकडे डोळे लावून तिने प्राण सोडला होता.

महाराजांनी हळूच विचारलं, "म्हादबा, हिला काय म्हणायचं? भूत? आणू का मिरच्या?"

"नगा, महाराज." त्याने हात जोडले. "पुन्यांदा बोलू द्या तिला."

राघू बोलला नाही. म्हादबा महाराजांच्या पायांशी कोसळला, पण महाराजांनी पाय मागे घेतले. "जिचं घर धुराने भरलंस, तिच्यापुढे वाक."

तो सगुणापुढे मातीत वाकला. तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. "महाराज, पोर खरंच अडकलीया का ह्यात?"

"नाही गं. पोर केव्हाच पोचली. हाक तेवढी तुला ठेवून गेली."

घरी येऊन सगुणाने दारंखिडक्या सताड उघडल्या. धूर निघून गेल्यावर दार लोटून घेतलं आणि राघूला उबेला घेऊन बसली. दिवेलागण झाली. मांडीवर जरा हालचाल झाली, आणि बारीक आवाज आला, "आई, दार उघड गं."

सगुणाने डोळे पुसले, उठली, दार उघडलं.

या वेळी बाहेर कोणीतरी होतं. उंबऱ्यावर डोकं टेकून म्हादबा बसला होता, आणि त्याच्या ओंजळीत एक पिकला पेरू होता.

"सगुणाताई," मान वर न करता तो म्हणाला, "माझी आई परत बोलली का गं?"