शिदोरीसाठी वळलेले दोर

पूर्वी गोदावरीच्या काठी धान्यपूर नावाच्या नगरात जनसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने एका दोर वळणाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव मुंजक. बोलायला बुजरा, पण हाताचा चोख. विहिरीचा दोर असो की पाळण्याचा, मुंजकाने वळलेला असला की लोक तो ओढूनही पाहत नसत.

एका वर्षी राजाच्या मिरवणुकीत भटकी कुत्री शिरली, हत्ती बिथरला आणि राजा अंबारीतून पडता पडता वाचला. राजा क्रूर नव्हता. त्याने आज्ञा दिली, की नगरातली बेवारशी कुत्री धरून नदीकाठच्या कोंडवाड्यात ठेवावीत. ज्याला हवे त्याने यावे, एक निवडावे, घरी न्यावे. बाजाराच्या दिवसापर्यंत जी उरतील ती नावेतून पैलतीरावरच्या गावांना पोहोचवावीत. तिकडे बिबट्याचा उपद्रव आहे, राखणीला कुत्री लागतात. एवढे सांगून राजा दुसऱ्या कामाला लागला.

काही दिवसांनी कोंडवाड्याचा राखणदार पिंगल मुंजकाकडे आला. दर बाजाराला त्याला दोर हवे होते. अडीच हात लांब, एका टोकाला गळ्यात घालायचा फास, दुसऱ्या टोकाला लहानसे शिंके, नारळ बसेल एवढे.

मुंजकाने कारण विचारले नाही. विचारायचे काय? फास कुत्र्याच्या गळ्यासाठी, हे उघडच होते. आणि शिंके? धान्यपुरात मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर शिदोरी बांधून देत, आणि त्या शिदोरीची शिंकी पिढ्यान् पिढ्या मुंजकाच्याच घरी वळली जात. राजा कुत्र्यांनाही नव्या घरी रिकाम्या हाताने पाठवत नाही, हे मुंजकाला इतके आवडले, की त्याने ते काम जिवापाड केले. गळ्याला काचू नये म्हणून तो फासाला आतून मऊ सूत गुंडाळी. दोर वळताना त्याच्या डोळ्यांपुढे एकेक कुत्रे येई आणि तो त्या दोराला नाव देई. हा ढवळ्याचा. हा कानतुट्याचा. हा बुटकीचा, हिला फास थोडा लहान.

त्याची बायको सामा हसे. "अहो, दोरांची बारशी करताय का? शेजारीण विचारत होती, घरात कोण कोण आलंय म्हणून."

अशी तीन वर्षे गेली. त्यांची एकुलती एक लेक सासरी गेली आणि घर एकदम गप्प झाले. दोन पाने वाढली की सामाचा हात तिसऱ्या पानाकडे जाई. एके दिवशी ती म्हणाली, "एक कुत्रं आणू या का? तुमच्या त्या बारशांतलं एखादं तरी अंगणात फिरू दे."

बाजाराच्या दिवशी, ऊन चढायच्या आत, दोघे निघाले. सामाने नवे लुगडे नेसले होते. पदरात दुधात कालवलेल्या भाकरीचा गोळा होता. मुलगी बघायला निघाल्यासारखी ती वाटेने बोलत होती.

कोंडवाड्याच्या बांबूच्या कुडाशी पोहोचताच तिचे बोलणे थांबले.

शंभर तोंडे एकदम कुडावर आदळली. कोणी भुंकत होते, कोणी बांबू चाटत होते. एकाने कोणाची तरी तुटकी वहाण तोंडात धरून आणली आणि सामाच्या पायाशी ठेवायला तो फटीतून पुढे रेटत राहिला. एका म्हाताऱ्या तांबड्या कुत्र्याला कोणीतरी कधीतरी पंजा द्यायला शिकवले होते. तो समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला पंजा देत होता. कोणी घेतला नाही की खाली ठेवून पुन्हा उचलत होता.

सामाने भाकरीचा गोळा आत टाकला. तो जमिनीला लागलाच नाही.

"मी एकावर बोट ठेवलं," ती हळूच म्हणाली, "तर बाकीच्यांना काय सांगू?"

"अगं, बाकीची आज नावेतून जातील," मुंजक म्हणाला. "पैलतीरी जागा आहे, राखणीची कामं आहेत. आणि शिदोरी आहेच."

त्याने हे तिला सांगितले खरे, पण सांगताना त्यालाच बरे वाटले.

एका कोपऱ्यात एक करडी कुत्री कुडाकडे तोंड करून बसली होती. सगळे आवारात धावत असताना ती मागे वळूनही पाहत नव्हती. मुंजक स्वतः असाच होता. गर्दीत तो नेहमी भिंतीकडे सरके.

"ती," तो म्हणाला.

पिंगल जवळ आला होता. "ती? मुंजकमामा, ती माणसाचं तोंडसुद्धा बघत नाही. दोन बाजार झाले, ऐन वेळी निसटते आणि त्या खड्ड्यात जाऊन दडते. दुसरं घ्या एखादं हसरं."

"तीच दे. आणि दोर दे एक. माझ्याच हातचा."

पिंगल हसला. "नेणारे आपापली दोरी घेऊन येतात, मामा. तुम्ही दोरवाले, आणि तुम्हीच मोकळ्या हाताने आलात होय?"

"नाही, तो शिदोरीचा दोर म्हणतोय मी."

"कसली शिदोरी?"

"शिंक्यातली. राजा देतो ना, कुत्रं नव्या घरी जाताना."

पिंगलने आपल्या गड्याकडे पाहिले. गड्याला हसू आवरेना. "धनी, हे म्हणतात भाकरी! शिंक्यात भाकरी!"

पिंगल मात्र हसला नाही. त्याने मान खाली घातली.

मुंजक कोंडवाड्याच्या छपरीत गेला. खुंटीला त्याचे दोर टांगलेले होते, मागच्याच दिवशी पोहोचवलेले. खाली नदीतल्या गोट्यांचा ढीग होता, गोल, गुळगुळीत, एका मापाचे. मुंजक वाकला. त्याने एक गोटा उचलला आणि दोराच्या शिंक्यात ठेवला. गोटा नेमका बसला. जाळीचा एक पदर सैल नाही, एक घट्ट नाही.

त्याच्या हातांना कळले. मनाला कळायला वेळ लागला. तो तसाच गोटा घेऊन उभा राहिला.

"नाव पहिले दोन बाजारच चालली," पिंगल दारातून सांगू लागला. "नावाड्याला कुत्री चावली, तो पळाला. दुसरा कोणी येईना. इकडे रोज नवी आणून टाकतात. भाकरी वीस जणांची, तोंडं शंभर. मी काय करायचं होतं, तुम्हीच सांगा. डोह जवळ आहे." मग मुंजकाला बरे वाटावे म्हणून तो म्हणाला, "आणि दोर तुमचे अस्सल, मामा. आजवर एकही सुटला नाही."

सामा त्याच्या मागे उभी राहून ऐकत होती.

मुंजकाला फासाच्या आतले सूत दिसत होते. काचू नये म्हणून गुंडाळलेले.

पिंगल जवळ सरकला. "हे बाहेर बोलू नका. हत्तीशाळेचे सगळे दोर तुमच्याकडे लावून देतो. हत्तीचे दोर, मामा! नातवंडं बसून खातील."

"आजची कधी नेणार?" मुंजकाने विचारले.

"ऊन उतरलं की."

मुंजकाने हातातल्या दोराचा फास उघडला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. शिंक्यातला गोटा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि तो चालू लागला.

"कुठे निघालात?" पिंगल ओरडला.

उत्तर सामाने दिले. ती कोंडवाड्याच्या दारात आडवी बसली. "राजाकडे निघालेत. मला उचलल्याशिवाय इथून एकही कुत्रं बाहेर जायचं नाही. अहो, जा तुम्ही. आणि तिथे गप्प राहू नका."

सभेत मुंजक आयुष्यात कधी बोलला नव्हता. राजाने विचारले, "मुंजका, गळ्यात हे काय?"  मुंजकाला एकच गोष्ट सांगता येत होती, ती तो सांगू लागला.

"ढवळ्या. कानतुट्या. बुटकी. शेपूटमोड्या. ठिपकी. ठिपकीची बहीण..."

सभेत कुजबुज सुरू झाली. प्रधान म्हणाला, "महाराज, याचं डोकं फिरलंय. बाहेर न्यायला सांगू का?"

राजाने हात वर केला. "ही कोणाची नावं?"

"महाराज, तुम्ही पैलतीरी पाठवलेल्या कुत्र्यांची. पैलतीरी कोणी पोहोचलं नाही. सगळी डोहात आहेत, गळ्यात हा दोर आणि दोराला हा गोटा. दोर मी वळले. मला वाटलं, शिदोरीचे आहेत." आणि तो पुन्हा मोजल्यासारखा बोलू लागला. "भुऱ्या. सोनकी. लंगडा. सोनकीचं पिल्लू..."

राजा बराच वेळ ऐकत होता. शेवटी त्याने विचारले, "अजून किती आहेत?"

"महाराज, अजून पहिलंच वर्ष चाललंय."

राजा उठून खिडकीशी गेला. खाली नदी होती. काठावर कोंडवाड्याची नाव पालथी पडली होती. तिच्यावर वेल चढली होती, आणि वेलीला पिवळी फुले आली होती.

"ही फुलं मी रोज सकाळी बघतो," राजा म्हणाला. त्याचा आवाज कोणाला ओळखू आला नाही. "छान दिसतात, असं परवाच राणीला म्हणालो."

तो खाली आला आणि मुंजकाच्या गळ्यातला फास स्वतःच्या हातांनी काढू लागला. बोटांना मऊ लागले. "आत सूत का लावलंस?"

"काचू नये म्हणून, महाराज."

राजा सिंहासनाकडे परत गेला नाही. तिथेच पायरीवर बसला.

ऊन उतरायच्या आत राजा पायी कोंडवाड्यावर आला. सामा दारातून हलली नव्हती. राजाला पाहूनही ती लगेच उठली नाही. राजाने पिंगलला शिक्षा केली नाही. तो म्हणाला, "आज्ञा माझी होती आणि पाहायला मी आलो नाही. आता नाव तू चालव. दर बाजाराला मी काठावर उभा राहीन." वेल तोडली गेली, नाव सुलटी केली गेली, तिला डांबर लावले गेले. तोपर्यंत शंभर तोंडांची भाकरी राजाच्या मुदपाकखान्यातून आली.

राजाने मुंजकाला काही मागायला सांगितले. हत्तीशाळेच्या दोरांचे काम पुन्हा पुढे आले. मुंजक म्हणाला, "शिंकी वळून देईन, महाराज. त्यांत भाकरी घाला. एवढंच." त्या दिवसापासून धान्यपुरातून निघणारे प्रत्येक कुत्रे, घरी जावो की पैलतीरी, शिदोरी घेऊन निघू लागले. मुंजक मरेपर्यंत ती शिंकी वळत राहिला, पण नंतर त्याने कोणत्याही दोराला नाव दिले नाही.

त्या संध्याकाळी करडी कुत्री मात्र दोर पाहताच खड्ड्यात शिरली. तिने तो दोनदा पाहिला होता. मुंजकाने दोर खाली टाकला, तिच्याकडे पाठ केली आणि सामाबरोबर घराकडे चालू लागला. वळून पाहायची त्याची हिंमत होत नव्हती. कुंभारवाड्यापाशी सामाने पदराआडून मागे पाहिले आणि कुजबुजली, "येतेय हो. लांबून, पण येतेय." त्या दिवशी त्यांच्या घरी तीन पाने वाढली गेली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहाराच्या अंगणात सांगितली, ती एका तरुण भिक्खूसाठी. त्याचे नाव काळुदत्त. नकळत त्याने उकळते पाणी मुंग्यांच्या वारुळावर ओतले होते, आणि त्या दिवसापासून तो अन्नाला शिवला नव्हता. शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज आपल्याला हा विहार बांधून देणारा उपासक. सामा म्हणजे भिक्षुणी धीरमती. ती अजूनही दारातून हलत नाही. करडी कुत्री म्हणजे ती अबोल उपासिका, जी सर्वांच्या मागे बसून धर्म ऐकते. दोर वळणारा मुंजक मीच होतो."

मग ते काळुदत्ताकडे वळले. तो रडत होता.

"आणि पिंगल होतास तू. तेव्हा शेकडो गळ्यांना दोर बांधताना तुझा हात थांबला नाही. आज मुंग्यांसाठी तुझा घास थांबला. एवढी वाट तू चालून आला आहेस. आता ऊठ, आणि जेव."

काळुदत्त उठला. जो गुण आपल्या हातून घडलेले डोळे उघडे ठेवून पाहतो आणि पाहून पुढचा जीव वाचवायला निघतो, त्या गुणाला शास्त्यांनी त्या दिवशी करुणा म्हटले.