साळुंकीचा निरोप

फार पूर्वी, रानातले पशुपक्षी एकमेकांना निरोप धाडत तेव्हाची गोष्ट. डोंगरावरच्या पाणमांजराने मंजी साळुंकीला घाईघाईने सांगितलं, "खालच्या सशांना सांग, उद्या दुपारी माझं तळं फुटेल. सगळे इथे माझ्याकडे या."

ऐकलेलं हुबेहूब बोलता येतं, याचा मंजीला भारी अभिमान. वाटेत अंधारलं म्हणून ती झाडावर थांबली आणि दुसऱ्या दिवशी खाली पोचली. पाणमांजराच्याच आवाजात ती म्हणाली, "उद्या दुपारी माझं तळं फुटेल. सगळे इथे माझ्याकडे या."

"उद्या ना? मग आज पिलांना निजू दे," म्हातारी सशीण म्हणाली. "आणि इथेच तर आहोत आम्ही!"

तेवढ्यात तळ्यातून येणाऱ्या ओढ्याचं पाणी गढूळ होताना दिसलं आणि मंजीच्या ध्यानात आलं. पाणमांजराचा 'उद्या' म्हणजे आजच!

"आजी, पाणमांजर काल म्हणालं," ती स्वतःच्या आवाजात ओरडली, "की त्याचं तळं आज दुपारी फुटेल! तुम्ही सगळ्यांनी वर त्याच्याकडे जायचंय!"

पिलांना तोंडात धरून ससे चढणीला लागले. त्यांच्यामागे बिळांवरून लोंढा धडधडत गेला.

वर पाणमांजराने विचारलं, "माझं बोलणं जसंच्या तसं सांगितलंस ना?"

"आधी तसंच सांगितलं," मंजी धापा टाकत म्हणाली, "तेव्हा कुणी जागचं हललं नाही."