शिंजूची पिल्लं आणि नवं शटर

एक होती शिंजू. शिंजू म्हणजे शिंजीर पक्षीण. एवढीशी! बाबांच्या मुठीत मावेल एवढीशी.

कणकवलीला एस.टी. स्टँडच्या मागे एक घर होतं. घराला होतं गॅरेज. गॅरेजात राहायची गाडी. आणि गाडीच्या वर, दिव्याच्या वायरला, लोंबायचं शिंजूचं घरटं. घरट्यात दोन पिल्लं. डोळे मिटलेले, चोची उघड्या.

चीं चीं! चीं चीं!

गॅरेजचं दार होतं लाकडी. वाळवीनं खाल्लेलं. वरची एक फळी तुटली होती, तिथे पडलं होतं भोक. शिंजू भोकातून आत जायची. भुर्र! भोकातून बाहेर यायची. भुर्र!

घरातली माणसं म्हणाली, "नवं दार आणू या."

आजोबा म्हणाले, "सागवानी आणा. भारदस्त!"

आई म्हणाली, "जाळीचं आणा. वारा येईल."

बाबा म्हणाले, "शटर आणू. टिकेल."

छोटी मैथू म्हणाली, "पिवळं! पिवळं! पिवळं!"

बाळ म्हणालं, "अगुंग."

चार माणसं, चार मतं, आणि एक अगुंग. शेवटी आलं शटर. तेही करडं. मैथूनं गाल फुगवले. मग बाबांनी पिवळ्या रंगाचा डबा आणला आणि म्हणाले, "उद्या लावू हं." बाबांचा उद्या कधी उजाडतो, ते तुम्हाला माहीतच आहे.

बाबा गाडी घेऊन कामाला गेले. गफूरचाचा शटर बसवायला आले. जुनं दार काढलं. कडकडकड! नवं शटर बसवलं. ठकठकठक! मग खाली ओढलं.

धडधडधड... धाड!

घरटं कुणाला दिसलंच नाही. वर बघतंय कोण!

शिंजू गेली होती अळी आणायला. चोचीत अळी धरून आली. भुर्र! पण भोक कुठे गेलं? इकडे शटर. तिकडे शटर. वर शटर. खाली शटर.

आतून पिल्लं ओरडली. चीं चीं! चीं चीं!

शिंजूनं अळी पायाखाली धरली. चोचीत अळी असली की बोलता येत नाही ना! मग ती म्हणाली,

"शटरा शटरा, सरक की रे!
पिल्लं आत, मी बाहेर.
पिल्लं माझी उपाशी!"

शटर म्हणालं, "अरेरे! वाईट झालं गं. पण मी आहे नवंकोरं. नारळ फुटल्याशिवाय मी सरकणार नाही."

शिंजू उडाली. भुर्र भुर्र! गेली नारळाकडे. नारळ बसला होता पाटावर, शेंडी वर करून.

"नारळा नारळा, फूट की रे!
शटर सरकेना.
पिल्लं आत, मी बाहेर.
पिल्लं माझी उपाशी!"

नारळ म्हणाला, "अरेरे! वाईट झालं गं. पण मी आपला आपण कसा फुटू? आजोबा उठल्याशिवाय मी फुटणार नाही."

शिंजू उडाली. भुर्र भुर्र! गेली आजोबांकडे. आजोबा झोपाळ्यावर बसले होते. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र.

"आजोबा आजोबा, उठा की हो!
नारळ फुटेना.
शटर सरकेना.
पिल्लं आत, मी बाहेर.
पिल्लं माझी उपाशी!"

आजोबा म्हणाले, "अरेरे! वाईट झालं गो बाय. पण आमच्या घरची रीत आहे. नव्या दाराला पहिलं कुंकू घरातल्या लेकीनं लावायचं. मग नारळ. मैथू आल्याशिवाय मी उठणार नाही."

शिंजू उडाली. भुर्र भुर्र! गेली मैथूकडे. मैथू कुठे होती? पलंगाखाली! रुसून बसली होती. तिचं नुसतं नाक दिसत होतं.

"मैथू मैथू, ये की गं!
आजोबा उठेनात.
नारळ फुटेना.
शटर सरकेना.
पिल्लं आत, मी बाहेर.
पिल्लं माझी उपाशी!"

मैथू म्हणाली, "अरेरे! वाईट झालं गं. पण मला पिवळं दार हवं होतं! पिवळा रंग लागल्याशिवाय मी येणार नाही. ज्जा!"

शिंजू उडाली. भुर्र भुर्र! गेली रंगाकडे. रंग होता डब्यात. डबा होता ओट्याखाली.

"रंगा रंगा, लाग की रे!
मैथू येईना.
आजोबा उठेनात.
नारळ फुटेना.
शटर सरकेना.
पिल्लं आत, मी बाहेर.
पिल्लं माझी उपाशी!"

रंग डब्यातूनच म्हणाला, "अरेरे! वाईट झालं गं. पण झाकण बघ किती घट्ट आहे! गफूरचाचा पेचकस घेऊन हलल्याशिवाय मी लागणार नाही."

बघा बरं. वाईट सगळ्यांनाच वाटत होतं. जागचं उठत मात्र कुणीच नव्हतं. अशी माणसं असतात. नारळही असतात.

शिंजू उडाली. भुर्र भुर्र! गेली चाचांकडे. चाचा पायरीवर बसले होते. खांदा चोळत होते.

"चाचा चाचा, हला की हो!
रंग लागेना.
मैथू येईना.
आजोबा उठेनात.
नारळ फुटेना.
शटर सरकेना.
पिल्लं आत, मी बाहेर.
पिल्लं माझी उपाशी!"

चाचा म्हणाले, "अरेरे! वाईट झालं गं. पण सकाळपासून उचलतोय. हात भरून आलेत माझे. चहा उकळल्याशिवाय मी हलणार नाही."

शिंजू उडाली. भुर्र भुर्र! वाटेत गॅरेजपाशी थांबली. कान दिला.

चीं.

एकदाच. अगदी हळू.

भुर्र भुर्र भुर्र! गेली चहाकडे. चहा होता पातेल्यात. पाणी होतं, साखर होती, पण गॅस होता बंद.

"चहा चहा, उकळ की रे!
चाचा हलेनात.
रंग लागेना.
मैथू येईना.
आजोबा उठेनात.
नारळ फुटेना.
शटर सरकेना.
पिल्लं आत, मी बाहेर.
पिल्लं माझी उपाशी!"

चहा म्हणाला, "अरेरे! वाईट झालं गं. पण मी गारठलोय. आई उठल्याशिवाय मी उकळणार नाही."

शिंजू उडाली. पंख दुखत होते. भुर्र... भुर्र... गेली आईकडे.

आई बसली होती जमिनीवर. मांडीवर बाळ. बाळ आत्ता, आत्ता, आत्ताच झोपलं होतं. सकाळभर रडून रडून झोपलं होतं. आई श्वाससुद्धा हळू घेत होती.

शिंजू खिडकीवर बसली. हळूच म्हणाली,

"आई गं आई, ऊठ की गं!
चहा उकळेना.
चाचा हलेनात.
रंग लागेना.
मैथू येईना.
आजोबा उठेनात.
नारळ फुटेना.
शटर सरकेना.
पिल्लं आत, मी बाहेर.
पिल्लं माझी उपाशी!"

आईनं शिंजूकडे पाहिलं. आईनं बाळाकडे पाहिलं. बाळाचं पोट टम्म होतं. ओठावर दूध होतं.

आई "अरेरे" म्हणाली नाही. "वाईट झालं" म्हणाली नाही. "पण" तर म्हणालीच नाही.

आई उठली.

बाळ जागं झालं. ट्यँऽऽऽ! ट्यँऽऽऽ!

"रड हं राजा," आई म्हणाली. "तिची दोघं कधीची रडतायत."

एका हातात बाळ. एका हातानं गॅस पेटवला. भप्प!

आई उठली, तसा चहा उकळला. बुडबुड बुडबुड!

चहा उकळला, तसे चाचा आले. फुर्र फुर्र! दोन घोटांत कप रिकामा. "चला, चला! पेचकस कुठाय माझा?"

चाचा हलले, तसं झाकण उघडलं. टप्पाक! रंग शटरावर लागला. सप् सप् सप्! एक लांब पिवळा पट्टा. या टोकापासून त्या टोकापर्यंत!

रंग लागला, तशी मैथू आली. पलंगाखालून आधी नाक, मग डोकं, मग अख्खी मैथू. दुडुदुडु दुडुदुडु! शटराला कुंकू लावलं. थोडं शटराला, थोडं स्वतःच्या नाकाला.

मैथू आली, तसे आजोबा उठले. कुर्र... झोपाळा थांबला. आजोबांनी नारळ हातात घेतला.

आजोबा उठले, तसा नारळ फुटला. फट्! पाणी उडालं. चाचांच्या टक्कलावर!

नारळ फुटला, तसं शटर सरकलं.

धडधडधडधड... वर!

शिंजू आत गेली. भुर्र!

सगळे गप्प. बाळसुद्धा गप्प. घरट्यातून आवाज येईना. मैथूनं आईचा हात धरला.

आणि मग...

चीं?

चीं चीं! चीं चीं चीं चीं!

दोन चोची उघडल्या. आत लाल लाल. शिंजूनं अळी दिली. एकाला अर्धी, एकाला अर्धी. गट्टम! लगेच पुन्हा चोची उघड्या. शिंजू बाहेर. भुर्र! शिंजू आत. भुर्र! बाहेर. आत. बाहेर. आत.

आता कुठे सगळ्यांनी वर बघितलं.

"अगो बाय," आजोबा म्हणाले, "हे इथे होतं?" आणि त्यांना खरंच फार वाईट वाटलं. यावेळी ते बसून राहिले नाहीत. स्टूल आणलं, शटराची साखळी वर खिळ्याला अडकवली आणि दोरीनं घट्ट गाठ मारली.

चाचा हसले. "पंचवीस वर्षं शटरं बसवतोय. पण बसवल्या दिवशी 'उघडंच ठेवा' म्हणणारं घर हे पहिलंच!"

संध्याकाळी बाबा आले. गाडी आली. पीं पीं!

मैथू दारात उभी राहिली. दोन्ही हात पसरून.

"गाडी आत नाही यायची!"

"का गं? नवं शटर गाडीसाठीच तर घेतलं!"

"शू! पिल्लं झोपलीत."

बाबा गाडीतून उतरले. चपला काढल्या. पाय न वाजवता आत गेले. वर बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग परत आले, गाडी ढकलत ढकलत फणसाखाली नेली. ढकलत का? अहो, गाडी सुरू केली तर आवाज होतो ना!

फणसाखाली गाडी राहिली एक दिवस. दोन दिवस. दहा दिवस. तिच्यावर पानं पडली. तिच्यावर कावळ्यानं... जाऊ दे. बाबा रोज सकाळी पुसायचे.

अकराव्या दिवशी एक पिल्लू घरट्याच्या तोंडाशी आलं. पंख हलवले. फडफड फडफड. भुर्र! गेलं थेट फणसावर.

दुसरं आलं. पंख हलवले. फडफड फडफड. दारातून बाहेर आलं आणि टुप्! पडलं फणसाखालच्या गाडीच्या टपावर. शिंजू ओरडली, "चिवीट! चिवीट!"

पिल्लू उठलं. अंग झटकलं. टपावर तीन उड्या मारल्या. टुणुक, टुणुक, टुणुक. भुर्र!

मैथूनं इतक्या टाळ्या वाजवल्या, इतक्या टाळ्या वाजवल्या, की हात लाल झाले.

मग बाबांनी गाडी आत आणली. आजोबांनी गाठ सोडली. मैथूनं आणि बाबांनी मिळून शटर ओढलं.

धडधडधड... धाड!

आत कोण?

कुण्णी नाही. नुसती गाडी.

पिल्लं उडाली रानात, गोष्ट शिरली कानात.