सात वाघांचं रिव्हॉल्व्हर

भुजंगराव इनामदारांनी आजोबांचं रिव्हॉल्व्हर विकायला काढलं आणि जुन्या हत्यारांच्या पारखी इंदुताई सबनीसांना बोलावलं.

"ह्याच रिव्हॉल्व्हरनं आजोबांनी सात वाघ लोळवलेत," भिंतीवरच्या आजोबांच्या तसबिरीकडे बोट दाखवत ते गरजले. "किंमतही तशीच लावा!"

इंदुताईंनी कुतूहलानं नळीत डोकावून पाहिलं. आत साधा ओरखडाही नव्हता.

"यातून एकही गोळी सुटलेली दिसत नाही."

"म्हणजे आमचे आजोबा खोटारडे?"

"छे, छे! दाखल्यात तुम्ही म्हणाल तसं लिहिते. फक्त एवढंच, की कोऱ्या रिव्हॉल्व्हरला शौकीन लोक तिप्पट मोजतात. बोला, वाघ लिहू की कोरं?"

भुजंगराव मिशी कुरवाळत उठले आणि तसबिरीचं तोंड भिंतीकडे फिरवून म्हणाले,

"कोरं लिहा."